सापडले नाही, म्हणजे नाही काय?

काही वर्षांपूर्वी आम्ही महादजी शिंद्यांविषयी जुन्या इंग्रजी पुस्तकांत काय मिळते ते पाहत होतो. पुस्तके स्कॅन होऊन इंटरनेटवर आलेली. ग्रंथालयाचे उंबरठे झिजवण्याचे कारण उरले नव्हते. 'शिंदे' हे नाव आज आपण रोमन लिपीत लिहितो तसे शोधयंत्राच्या चौकटीत लिहिले, सनांची मर्यादा घातली, आणि हाती फारसे काही लागले नाही. १७८२ चा सालबाईचा तह ज्याच्या मध्यस्थीने झाला, त्या पुरुषाची समकालीन इंग्रज ग्रंथकारांनी दखलच घेतली नाही, असे वाक्य आम्ही टिपणवहीत लिहूनही टाकले.

ते आम्हालाच खोडावे लागले. त्या काळचा इंग्रज 'सिंदिया', 'सिंधिया' असे लिही, आणि तेही ज्याचे त्याचे स्पेलिंग निराळे. शिवाय अठराव्या शतकातल्या इंग्रजी छापाईत शब्दाच्या मध्ये येणारा 'एस' लांब काढीत. छापील पान वाचणाऱ्या यंत्राला तो पुष्कळदा 'एफ' दिसतो. 'पेशवा' या शब्दातला 'श'च मग हरवतो. पुरावा होता, आमचा प्रश्न मात्र भलत्याच अक्षरांत होता.

शोध घेणाऱ्याची ही अडचण शोधयंत्राहून फार जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट जाक मठातल्या डोमिनिकन साधूंनी, ह्यूग ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली, लॅटिन बायबलातल्या शब्दांची वर्णानुक्रमे सूची तयार केली. वचनांना तेव्हा क्रमांक नव्हते. म्हणून प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना ए ते जी ही अक्षरे दिली. या पहिल्या सूचीत शब्दाचे नुसते ठिकाण होते. तो कोणत्या वाक्यात आला हे पाहायला मूळ ग्रंथ पुन्हा उघडावाच लागे. पुढे इंग्रज साधूंनी लांबलचक उतारे जोडले, तो ग्रंथ आवरेना. अखेर शब्दाच्या आसपासचे चारदोन शब्द द्यावेत असे ठरले. आजचे शोधयंत्र प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी दाखवते, ती हीच सोय.

आपल्याकडेही असे काम झाले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाल्यावर पुण्याच्या भांडारकर संस्थेने श्लोकचरणांची प्रतीकसूची छापली. चरणाचा आरंभ ठाऊक असेल तर श्लोक चटकन सापडतो. मधलाच शब्द आठवत असेल तर सूची मुकी राहते. प्रत्येक सूचीचे असे एक दार असते. ते कोठे आहे हे ओळखणे शोधणाऱ्याकडे येते.

संगणकाच्या युगात पायाचे दगड आले ते जॉर्ज बूलकडून. 'आणि', 'किंवा', 'नव्हे' या शब्दांचे त्याने १८५४ च्या ग्रंथात बीजगणित मांडले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९९० मध्ये ॲलन एमटेज याने 'आर्ची' रचले. ते फक्त फाइलींची नावे शोधी. १९९५ च्या डिसेंबरात 'अल्टाव्हिस्टा' आले, त्यात पानांतला मजकूरच धुंडाळता येई. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने कोणत्या पानाकडे किती आणि कोणती पाने बोट दाखवतात, हे पाहून उत्तरांचा क्रम लावला. हळूहळू यंत्र आपल्या शब्दाचे पर्यायही स्वतःच शोधू लागले, स्पेलिंग सुधारू लागले. नेमका हाच शब्द हवा असे सांगण्याचे अधिक चिन्ह गूगलने २०११ मध्ये काढून टाकले. ते काम आता अवतरणचिन्हांकडे आहे. साध्या कामात यंत्राचा हा आगाऊपणा उपकारकच ठरतो. इतिहासाच्या कामात मात्र ते आपल्या शब्दाऐवजी स्वतःचा शब्द शोधत नाही ना, हे पाहावे लागते.

वजाच्या चिन्हाची गंमत अशी. साताऱ्याच्या शाहू महाराजांविषयी शोधू लागलो की राजर्षी शाहूंची पाने पुढे येतात. मग 'शाहू' लिहून, एक जागा सोडून, वजाच्या चिन्हाला चिकटून 'कोल्हापूर' लिहावे. गर्दी ओसरते. परंतु त्याबरोबर १७३१ चा वारणेचा तहही ओसरतो, कारण तो सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांतच झाला! चाळणी लावताना खाली काय पडते तेही एकदा पाहावे. 'साइट' हा शब्द रोमन लिपीत, त्यामागे अपूर्णविराम आणि लगेच संस्थळाचा पत्ता, असे लिहिल्यास शोध त्या एकाच संस्थळापुरता राहतो. रोमन कॅपिटल अक्षरांत 'ऑर' घातल्यास दोन रूपांपैकी कोणतेही चालते. आमच्या मते अभ्यासकाला सर्वांत उपयोगी हा 'ऑर'च, आणि वापर त्याचाच सर्वांत कमी.

मराठी वाचकाला तर तो हवाच. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये सरकारमान्य झाले, आणि 'नांव', 'कांहीं', 'पुणें' यांवरचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या ग्रंथांत ते जागच्या जागी आहेत. अवतरणचिन्हांत 'पुणे' लिहून जुनी पुस्तके शोधली, तर 'पुणें' सुटण्याचा संभव राहतोच. त्यात स्कॅन केलेले पान वाचताना यंत्र अनुस्वाराचा ठिपका गाळते, कधी डागालाच अनुस्वार समजते. विभक्तीने शब्दाचे रूप पालटते ते वेगळेच: 'शिंदे' शोधणाऱ्याला 'शिंद्यांनी', 'शिंद्यांकडे' आपणहून भेटतीलच असे नाही.

हल्ली आम्ही टिपणवहीत 'आढळले नाही' एवढेच लिहीत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या संस्थळावर, कोणत्या अक्षरांत आणि कोणती चिन्हे लावून शोधले, ते पुढे लिहितो. महादजींच्या पानावर अशी सहा स्पेलिंगे जमली आहेत. सातवे गेल्याच महिन्यात सापडले, ते अजून उतरवायचे आहे.