पासपोर्टवरचा शिक्का आणि मागे वळून पाहणारा कायदा

मागच्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो. आज लढाई नाही, पण सीमा आहे. आणि सुरुवात घरातल्या गोष्टीपासून करतो.

२०१६ चा मार्च महिना. रात्री महूच्या घरी फोन वाजला. पलीकडे माझा भाचा. तो इंग्लंडमध्ये इंजिनिअर आहे, ब्रिटिश नागरिक. त्याची आई, म्हणजे माझी अक्का, अमेरिकेत मुलीकडे राहत होती. तिला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि भाच्याला दुसऱ्या दिवशीचं विमान पकडायचं होतं. ब्रिटिश पासपोर्ट असला की अमेरिकेच्या थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, संगणकावर एक अर्ज भरावा लागतो. तो अर्ज त्याने पूर्वी भरलेला होता. पण या वेळी त्यात एक नवा प्रश्न होता: १ मार्च २०११ नंतर तुम्ही इराण, इराक, सीरिया वगैरे देशांत गेला होतात का?

२०१४ मध्ये तो एका गटाबरोबर आठ दिवस इराणला जाऊन आला होता. इस्फहानच्या मशिदी आणि पर्सेपोलिसचे खांब पाहायला. त्याने विचारलं, "मामा, 'नाही' लिहू का? पासपोर्ट नवा आहे, त्यावर तो शिक्काच नाही."

मी काय सांगितलं ते शेवटी सांगतो. आधी हा प्रश्न आला कुठून, ते पाहू.

पूर्वी कुठे गेला होतात यावरून पुढचं दार उघडायचं की नाही हे ठरवणं, ही पद्धत जुनी आहे. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर अनेक अरब देशांनी ठरवलं की ज्याच्या पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का, त्याला प्रवेश नाही. मग प्रवासी विनंती करायचे आणि इस्रायलचे अधिकारी वेगळ्या कागदावर शिक्का मारून द्यायचे. २०१३ पासून तर तिथल्या मुख्य विमानतळावर शिक्क्याऐवजी एक छोटी निळी चिठ्ठीच मिळू लागली. पण दुसऱ्या बाजूचे अधिकारीही कच्चे नव्हते. इजिप्तच्या ताबा नाक्याचा शिक्का दिसला की ते ओळखायचे, कारण ताबाच्या पलीकडे इस्रायलशिवाय दुसरं काही नाही.

हे मी नुसतं वाचलेलं नाही. गोलान टेकड्यांवर संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना १९७४ पासून आहे आणि २००६ पासून तिची रसद सांभाळायला आपली भारतीय तुकडी गेली. त्यात मीही होतो. आमचा एक तळ सीरियाच्या बाजूला, दुसरा इस्रायलच्या ताब्यातल्या बाजूला. मध्ये कुनैत्राचं फाटक. आमच्या गाड्या ओळखपत्रावर पलीकडे जायच्या. सामान्य माणसाला मात्र ते फाटक जवळजवळ बंदच. रेड क्रॉसच्या मदतीने कधी सफरचंदांचे ट्रक जायचे, कधी एखादी नवरी जायची. ती नवरी पलीकडे गेली की माहेरी परतणं दुरापास्त. शिक्का म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

आता अमेरिकेकडे वळू. मित्रदेशांच्या नागरिकांना ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ द्यायचं, असा कायदा तिथे १९८६ मध्ये झाला. १९८८ मध्ये पहिला देश आला ब्रिटन, त्याच वर्षी जपान. २०१५ पर्यंत ३८ देश झाले. २००९ पासून विमानात बसण्याआधी संगणकावरची परवानगी सक्तीची झाली.

मग १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसवर हल्ला झाला. १३० माणसं मेली. हल्लेखोरांपैकी अनेक जण फ्रान्स आणि बेल्जियमचे नागरिक होते आणि त्यांतले काही सीरियात जाऊन आलेले होते. अमेरिकेत लगेच प्रश्न उठला की असा माणूस युरोपच्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय इथे उतरला तर? पाच आठवड्यांच्या आत, १८ डिसेंबरला, नव्या कायद्यावर सही झाली. १ मार्च २०११ पासून जो इराण, इराक, सीरिया किंवा सुदानला गेला, त्याची व्हिसामुक्तीची सवलत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये यादीत लिबिया, सोमालिया आणि येमेन आले.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. पहिली, ही प्रवेशबंदी नाही. तो माणूस रीतसर व्हिसा घेऊन, मुलाखत देऊन जाऊ शकतो. सवलतीच्या देशांचे सैनिक आणि सरकारी नोकर कामासाठी गेले असतील तर त्यांना सूटही आहे. दुसरी गोष्ट, कायदा डिसेंबर २०१५ चा आणि तारीख मार्च २०११ ची. प्रवास झाला तेव्हा नियमच नव्हता. पर्सेपोलिस पाहणारा पर्यटक आणि सीरियात लढायला गेलेला माणूस एकाच रकान्यात आले.

पुढेही हेच घडलं. ऑगस्ट २०१९ मध्ये यादीत उत्तर कोरिया आला. त्याच्या आदल्या वर्षी दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष शांततेच्या बोलण्यांसाठी प्योंगयांगला गेले होते. सोबत सॅमसंगचे ली जे-योंग यांच्यासारखे उद्योगपती होते. त्याच वर्षी गायकांचा एक ताफाही तिथे कार्यक्रम करून आला होता. समेटासाठी केलेला प्रवास वर्षभरात अडचणीचा ठरला. नंतर क्यूबाचं नाव आलं. १२ जानेवारी २०२१ नंतर तिथे समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवलेल्या युरोपियन माणसालाही आता व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं.

तुम्ही म्हणाल, भारत त्या सवलतीत नाहीच, मग आपल्याला काय? आपली मुलं, भाचे, सुना आज ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर आहेत. मुंबईतून तिकडे स्थायिक झालेलं पारशी कुटुंब यझदच्या अग्यारीत जातं, कुणी करबलाच्या जियारतीला जातं. त्यांना हा नियम लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यालाही अमेरिकेच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतले देश लिहावे लागतात. उलट बाजूही आहे. चालू अमेरिकन व्हिसा असला तर आपल्याला जॉर्जियात व्हिसा लागत नाही आणि अमिरातीत तो उतरल्यावर मिळतो. एक शिक्का दार लावतो, दुसरा उघडतो.

आता भाच्याला काय सांगितलं ते. मी म्हणालो, "खरं लिही. शिक्का नसला तरी नोंद कुठेतरी असते. खोटं सापडलं तर दार कायमचं बंद होईल." त्याने खरं लिहिलं. परवानगी नाकारली गेली. व्हिसा घेऊन तो पोचेपर्यंत अक्काची शुद्ध गेली होती. त्याने तिचा हात धरला, पण तिला कळलं की नाही, देव जाणे.

आजही मला वाटतं, सल्ला बरोबर होता. पण तो देताना मला फक्त नियम दिसला होता, अक्का नाही. सीमेवर उभा राहिलेला माणूस म्हणून मला सुरक्षेची गरज कळते. नियम हवेतच. पण मागे वळून पाहणारा नियम करणाऱ्याने निदान आईच्या उशाशी धावणाऱ्यासाठी एक खिडकी उघडी ठेवावी, एवढंच म्हणणं आहे.

आणि तुम्ही एवढं करा. जुने पासपोर्ट फेकू नका. कुठे, कधी गेलात ते वहीत लिहून ठेवा. परदेशी मुलांना विचारा की असल्या देशात जाऊन आलात का? गेले असतील तर घाईची वेळ येण्याआधीच त्यांना व्हिसा काढून ठेवायला सांगा. आमच्या घरी ते कुणाला सुचलं नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.