एका लांब जबड्याच्या कोळ्याचं नाव: पॅरिस ते अमरावती

संशोधनाला विषय शोधताना आपण आधी प्राणी बघतो, त्याचं नाव नंतर. पण नावालाही इतिहास असतो, आणि तो माहीत नसेल तर पुढचं सगळं काम कच्चं राहतं. आज टेट्राग्नाथा मॅन्डिब्युलाटा या कोळ्याच्या निमित्ताने हे समजून घेऊ.

टेट्राग्नाथा हे काडीसारखे लांबट कोळी. पाण्यालगत आडवं किंवा तिरकं चक्राकार जाळं विणतात. धोका वाटला की पाय पुढे-मागे ताणून गवताच्या पात्याला असे चिकटतात की समोर असूनही दिसत नाहीत.

लिनियसने १७५८ मध्ये यांच्यातल्या एका जातीला अरेनिया एक्स्टेन्सा म्हटलं. १८०४ मध्ये लात्रेय या फ्रेंच अभ्यासकाने टेट्राग्नाथा ही वेगळी प्रजाती केली. ग्रीकमध्ये अर्थ 'चार जबडे'. मग वाल्कनेर यांनी मॅन्डिब्युलाटा ही जात वर्णन केली. तेही लॅटिनमधल्या जबड्यावरूनच! त्यांच्या ग्रंथाचं वर्ष काही लेखांत १८४२ दिसतं, आजची जागतिक सूची १८४१ देते. संदर्भ लिहिताना इथे बरेच जण अडखळतात.

भारतात या गटावर ग्रेव्हली यांचा मोठा लेख १९२१ मध्ये 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम'मध्ये आला. आणि २०१२ मध्ये भारतीय कोळ्यांची एक सूची 'इंडियन जर्नल ऑफ अरॅक्नॉलॉजी'मध्ये निघाली: १,६८६ जाती. हे नियतकालिक अमरावतीचं, म्हणजे बुलढाणा जिल्हा ज्या विद्यापीठात येतो त्याच गावचं. पॅरिसहून कलकत्ता, तिथून आपल्या दारापर्यंत.

आता खरा प्रश्न. ही जात पश्चिम आफ्रिका, आणि भारतापासून फिलिपिन्स-ऑस्ट्रेलियापर्यंत नोंदलेली आहे. एवढी कशी पसरली? एक कारण कोळ्याचं: पिल्लं रेशमाचा धागा हवेत सोडून वाऱ्यावर दूर जातात. दुसरं कारण माणसाचं असू शकतं: ओळखीचं नाव भलत्याच कोळ्याला चिकटवणं. टेट्राग्नाथाच्या मादीत एपिगाईन, म्हणजे ओळखीसाठी एरवी वापरला जाणारा जननांगाचा कठीण भाग, नसतो. त्यामुळे जबड्यावरचे दात आणि त्यांची मांडणी सूक्ष्मदर्शकाखाली बघावीच लागते. नराच्या जबड्यावर काटा असतो. मिलनात दोघांचे जबडे एकमेकांत अडकतात, तेव्हा तो कामाला येतो. नुसत्या मोबाईलच्या फोटोवर यातलं किती दिसणार?

बुलढाण्यासाठी हे महत्त्वाचं का? लोणार सरोवराचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर स्थळ ठरलं. अशा ठिकाणी 'आधी काय होतं, आता काय आहे' हे उद्या कुणीतरी विचारणारच. तेव्हा काठच्या कोळ्यांच्या यादीत नुसतं नाव असेल, नमुना नसेल, तर ते नाव बरोबर की चूक हे कुणालाच तपासता येणार नाही.

म्हणून काम सुरू करताना परवानगी घ्या, नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा, लेबलवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहा आणि तो संग्रहालयात जमा करा. नाव पुढे बदललं तरी चालेल. ते बदलायला पुरावा मात्र बाटलीत शिल्लक हवा.