पोलिओ गेला, लकवा राहिला

आज ८ सप्टेंबर, जागतिक फिजिओथेरपी दिन. सकाळपासून मोबाईलवर शुभेच्छांची पोस्टर्स फिरतायत. त्यानिमित्ताने थोडा इतिहास, आणि त्यातून आपल्या जिल्ह्यासाठी निघणारा एक प्रश्न. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या काकांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. सगळी हयात द्राक्षबागेत गेलेला माणूस, आणि विरळणीची कात्री धरणारा हात मांडीवर नुसता पडून. एका दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, जीव वाचला, त्याचे उपकार आहेतच. पण घरी सोडताना कागदावर शेवटची ओळ एवढीच होती: ‘फिजिओ चालू ठेवा.’ कुठे, कोणाकडे, किती दिवस, काही नाही. कुणी तेल सांगितलं, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. चुलतभावाने प्रेमापोटी छताला कप्पी बांधली आणि दोरीने हात वर ओढायला लावला. पंधरा दिवसांत खांदा असा ठणकायला लागला की काका कुणाला हाताजवळ फिरकू देईनात. नंतर कळलं, लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. असा कप्पीने हात ओढला की खांदा दुखावण्याची भीती असते.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. आणि वाचता वाचता लक्षात आलं की या विद्येची भारतातली सुरुवात आपल्याच राज्यात झालीय.

एलिझाबेथ लंडी नावाची अमेरिकन मुलगी, क्वेकर पंथातल्या घरची. १९३० साली भारतात आली, निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. फलटणचं ‘कमला निंबकर बालभवन’ अनेकांना ठाऊक असेल, ते नाव याच बाईंचं. नुसता व्यायाम नाही, तर रोजच्या कामातून हात परत आणायचा, हा त्या विद्येचा गाभा. गुंडी लावणं, पेला उचलणं, भाकरी मोडणं हाच उपचार.

पाठोपाठ १९५२-५३ च्या सुमारास त्याच केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. त्यामागचं मोठं कारण होतं पोलिओ. साथी येत होत्या, मुलांचे हातपाय लुळे पडत होते आणि त्यांना उभं करणारी माणसं देशात नव्हती. मग १९५५ मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली, तीही संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने. म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने पाच-सहा वर्षांत या कामासाठी एवढं उभं केलं. गरज डोळ्यांसमोर होती, म्हणून सरकार हललं.

आता विज्ञानाकडे येऊ. मेंदूचा जो भाग मेला तो मेला, गेलेला हात गेला, आता डाव्या हाताने जेवायला शिका, असंच डॉक्टर मंडळीही बराच काळ धरून चालत. याला तडा देणारे प्रयोग मात्र जुने आहेत. १९१७ मध्ये ऑग्डेन आणि फ्रान्झ या अमेरिकन संशोधकांनी अर्धांग झालेल्या माकडांचा चांगला हात अडकवून ठेवला आणि दुबळा हात वापरायला लावला. त्या हातात हालचाल परत आली. पण ते काम मागे पडलं. पुढे एडवर्ड टॉब यांनी तोच धागा उचलला. त्यांचं म्हणणं साधं होतं: सुरुवातीला हात हलत नाही, म्हणून माणूस तो वापरायचं सोडतो, आणि न वापरण्याची सवयच लागते. नंतर थोडी ताकद आली तरी हात ‘विसरलेला’ असतो.

त्यातून उपचार निघाला. चांगल्या हातावर जाड हातमोजा चढवायचा आणि दोन आठवडे, दिवसाचे कित्येक तास, दुबळ्या हाताकडून काम करून घ्यायचं. अमेरिकेत २२२ रुग्णांवर याची चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला. लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांचे हात नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. अट एकच, मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. पूर्ण लुळ्या हाताला हा उपाय नाही. कुणाला काय लागू पडेल, हे शिकलेल्या माणसानेच ठरवायचं.

इथे कुणी म्हणेल, मग घरच्यांनाच शिकवा की! हाही प्रयोग भारतातच झाला. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि काळजीचं प्रशिक्षण दिलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. घरच्यांची माया कमी पडली असं यातून निघत नाही. पण थेरपिस्टचं काम घरच्यांवर ढकलून सरकारला मोकळं होता येणार नाही, हे मात्र निघतं. आमच्या घरची कप्पी आठवा.

आता आपल्या नाशिकचं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याकडे आहे, म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. राज्यभरातल्या संलग्न फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी कॉलेजांच्या परीक्षा इथून होतात, पदव्या इथून दिल्या जातात. शहरात स्वतःची फिजिओथेरपी कॉलेजंही आहेत. म्हणजे ज्ञान आपल्या दारात आहे. पण सुरगाणा-पेठच्या माणसाला रोज अर्धा तास हात हलवून घ्यायला एसटीने नाशकात यायचं म्हटलं तर दिवस जातो, बरोबर येणाऱ्याचीही मजुरी बुडते. आरोग्य योजनांची रचना मुख्यतः दाखल रुग्णाभोवती आहे. आणि हाताचं खरं काम तर डिस्चार्जनंतर सुरू होतं. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत. तेच महिने तेल चोळण्यात जातात.

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्या आजाराने ही विद्या इथे आणली तो गेला, तसं तिच्याकडचं सरकारचं लक्षही गेलं असं वाटतं. लकव्याची साथ येत नाही. तो एकेका घरात, एकेका माणसाला गाठतो. म्हणून त्याचा मोर्चा निघत नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायमस्वरूपी फिजिओथेरपिस्ट असावा, आणि विद्यापीठाने इंटर्नशिपच्या मुलांचा काही काळ तालुक्याच्या ठिकाणी ठेवावा. इमारत नको, यंत्रं नकोत. एक खोली, एक टेबल, चार पेले आणि शिकलेलं माणूस.

काकांचं विचाराल तर सात महिने उशिरा एक चांगली थेरपिस्ट ताई मिळाली. एका वेळेचे ४०० रुपये. परवडेल तितके दिवस केलं. आता काका उजव्या हाताने पेला धरतात, सदऱ्याची वरची गुंडी लावतात. कात्री अजून चालत नाही. सुरुवातीलाच ताई मिळाली असती तर चालली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. तेच जास्त बोचतं.

तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे का? आठवड्यातून किती दिवस येतात? खाली तालुक्याच्या नावासह लिहा. यादी झाली की निवेदन घेऊन आपण सगळे मिळून जाऊ.