प्रकाशीय संगणन

बदलापूर गावातून परदेशी धाडलेला ई-मेल बहुतांश वाट प्रकाशाच्या रूपात कापतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. असे तंतू महाराष्ट्रात वाळूजलाही तयार होतात. तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविण्याचा नरिंदरसिंग कपानी व हॅरॉल्ड हॉपकिन्स यांचा प्रयोग १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

संगणकाच्या दाराशी मात्र प्रकाशाची वीज करावी लागते. ट्रान्झिस्टरमध्ये एक विद्युतसंकेत दुसऱ्याला अडवितो वा सोडतो. दोन प्रकाशकिरण मात्र एकमेकांना छेदून निमूट निघून जातात. त्यांना परस्परांवर परिणाम करायला लावण्यासाठी विशिष्ट पदार्थ आणि बहुधा तीव्र प्रकाश लागतो. खरी अडचण ती हीच. त्यामुळे सर्व कामे प्रकाशावर करणारा संगणक अद्याप घरोघरी आलेला नाही. डेटा सेंटरमधील यंत्रे प्रकाशाने जोडून वीज वाचविणे, हा त्याचा सध्याचा अधिक व्यवहार्य उपयोग होय.