होशंगाबादचे गुरुजी आणि विज्ञानाचा पहिला धडा

लहान मुलांना विज्ञान कसे शिकवावे या विषयावर आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले जाते. परंतु ते शिकविण्याची विद्या खेड्यातील शिक्षकाने कोठे आणि कशी संपादन करावी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने 1964 ते 1966 या काळात देशातील शिक्षणाचा साद्यंत विचार केला आणि शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित हे विषय सर्वांना आवश्यक असावेत, अशी शिफारस केली. शिफारस योग्यच होती. अडचण एवढीच, की ज्याने ती अमलात आणावयाची त्या शिक्षकाने स्वतः विज्ञान पाठांतरानेच घेतलेले होते. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण आणि अनुमान ही पाच शीर्षके फळ्यावर लिहावयाची आणि मुलांनी ती उतरून घ्यावयाची, यालाच कित्येक शाळांत प्रयोग म्हणत. ज्या वस्तूला कोणी हात लावला नाही तिचे निरीक्षण आणि ज्याचा कोणी विचार केला नाही ते अनुमान वहीत सुवाच्य अक्षरांत नोंदले जाई.

या अडचणीला ज्यांनी समोरून हात घातला, त्यांच्यापैकी एका उपक्रमाची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचे स्थळ म्हणजे मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्हा. 2022 पासून त्याचे नाव नर्मदापुरम् असे झाले आहे. नर्मदाकाठचा हा मुलूख इंदूर-भोपाळकडील मराठी मंडळींना परका नाही. 1972 साली रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळील किशोर भारती या दोन संस्थांनी राज्य शासनाच्या अनुमतीने जिल्ह्यातील 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञानशिक्षणाचा एक नवा कार्यक्रम हाती घेतला. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून तेथे आले होते. त्याच संस्थेतील प्रा. यशपाल प्रभृती शास्त्रज्ञांचे या कार्याला साहाय्य मिळाले आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापकही लवकरच त्यात सामील झाले.

या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या शिक्षक-शिबिरांत होते. उन्हाळ्याच्या सुटीत गुरुजी जमत. त्यांना व्याख्याने दिली जात नसत. पुढे वर्गात मुलांनी जसे चार-चारांच्या टोळीने बसावयाचे, तसेच गुरुजींनी बसावयाचे. मुलांनी जे प्रयोग करावयाचे, तेच त्याच साध्या साहित्यानिशी स्वतः करावयाचे आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहावयाचे. विद्यापीठातून आलेला प्राध्यापकही उत्तर सांगण्यास उत्सुक नसे. एखाद्याने उत्तर विचारलेच, तर ते शोधून काढण्यासाठी काय करून पाहता येईल, असा उलट प्रश्न त्याच्यापुढे ठेवला जाई. वर्षानुवर्षे वर्गातील अखेरचा शब्द ज्याचा असे, त्या शिक्षकाला ही रीत प्रथम अवघड वाटावी, यात नवल नाही.

‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकातील दोन विषयांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल. पहिला विषय मोजमापाचा. एकाच टेबलाची लांबी चार जणांनी मोजली, तर समजा एकास ती 121.2 सेंटिमीटर भरते, दुसऱ्यास 121.5, तिसऱ्यास 121.3 आणि चौथ्यास पुन्हा 121.2. पाठांतरावर वाढलेला शिक्षक लगेच विचारील, की यांतील बरोबर उत्तर कोणते? परंतु प्रत्येक मापात थोडी घटबढ असतेच. ती किती आहे हे पाहून योग्य ते सन्निकट माप ठरवावयाचे असते, हीच तर येथील शिकवण आहे. ज्याला हे स्वतः मोजून पटले आहे, तो शिक्षक 121.5 लिहिणाऱ्या मुलाचा कान धरणार नाही.

दुसरा विषय मुळांचा आणि पानांचा. मुलांनी गावाबाहेर जाऊन तणे, रोपे, गवत मुळासकट उपटून आणावयाचे आणि त्यांची तुलना करावयाची. गहू, ज्वारी, गवत यांच्या पानांवरील शिरा समांतर असतात आणि त्यांची मुळे तंतूंच्या झुबक्यासारखी असतात. हरभरा किंवा तुळस यांच्या पानांवर शिरांचे जाळे असते आणि मुळांत एक मुख्य सोटमूळ आढळते. हा संबंध पुस्तकाने सांगावयाचा नाही, मुलांच्या तक्त्यातून तो उमटावयाचा. यात एक अडचण संभवते. एखादी मुलगी अळू उपटून आणील. त्याच्या पानावर जाळे दिसते, पण सोटमूळ काही सापडत नाही! आता गुरुजींनी काय करावे? अळू वर्गाबाहेर टाकावा, की नियमालाही अपवाद असतो हे तक्त्यात नोंदवू द्यावे? विज्ञानाच्या शिक्षकाची खरी कसोटी अशा क्षणीच लागते, आणि एकट्या पुस्तकाने त्याची तयारी होत नाही.

शिबिर संपले म्हणजे काम संपले, असेही नव्हते. शिक्षकांच्या मासिक सभा भरत, शाळांना भेटी दिल्या जात आणि वर्गात जे अडले ते सांगितल्यावर पुस्तकातील पाठ बदलले जात. परीक्षेची पद्धतही निराळी होती. लेखी परीक्षेस मुलांनी पुस्तक आणि वही बरोबर आणण्यास मुभा असे आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा स्वतंत्र घेतली जाई. 1978 मध्ये हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. त्याच वर्षी पुण्याच्या एका मोटार कारखान्यातील अभियंता अरविंद गुप्ता रजा घेऊन तेथे आले. सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून त्रिकोण, घन इत्यादी आकृती करण्याची त्यांची कल्पना तेथेच आकारास आली. पुढे पुण्यातील ‘आयुका’ संस्थेच्या बालविज्ञान केंद्रातून त्यांची खेळणी महाराष्ट्रातील मुलांपर्यंत पोहोचली. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने हे कार्य आपल्याकडे घेतले आणि राज्याच्या इतर जिल्ह्यांतही नेले.

याच सुमारास महाराष्ट्रातही असा विचार चालू होता. 1974 मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले आणि डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्याने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या शाळांत काम केले.

2002 मध्ये मध्यप्रदेश शासनाने होशंगाबादचा कार्यक्रम बंद केला. राज्यातील इतर मुलांहून या मुलांचा अभ्यासक्रम निराळा असल्याने पुढील परीक्षांत ती मागे पडतील, असा आक्षेप घेण्यात आला होता. देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निषेध नोंदविला. निर्णय मात्र फिरला नाही. पालकांची चिंता हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. शिवाय डोळ्यांना न दिसणारा अणू केवळ हाताने प्रयोग करून सापडत नाही; तेथे शिक्षकाला सांगावेच लागते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु तीस वर्षे सरकारी शाळांत, सरकारी वेतनावरील सामान्य शिक्षकांकडूनच हे काम झाले, ही गोष्ट त्या निर्णयाने पुसली जात नाही. पुढे प्रा. यशपाल यांच्याच अध्यक्षतेखाली 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला, तेव्हा मुलाने स्वतः ज्ञान रचावे या तत्त्वाला त्यात मानाचे स्थान मिळाले.

तत्त्व कागदावर येणे सोपे आहे. आज अध्यापक विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुण शिक्षकाने एक तरी रोप स्वतः उपटून पाहिले आहे काय, एक तरी टेबल चार वेळा मोजले आहे काय, आणि मुलाच्या प्रश्नावर ‘मला ठाऊक नाही, आपण पाहू या’ असे म्हणण्याचे धैर्य त्याला तेथे कोणी दिले आहे काय? नवी पुस्तके छापण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे आपण शोधली पाहिजेत. होशंगाबादच्या गुरुजींनी ती एकदा शोधली होती, आणि ती शोधण्यासाठी त्यांना मुलांच्या जागेवर जाऊन बसावे लागले होते.