सूर्यप्रकाश, बुडबुडे आणि पोस्टडॉकची दोन वर्षं

गेल्या आठवड्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरने मला एक जाहिरात पाठवली. सौरऊर्जेच्या प्रकाशरसायनात पोस्टडॉकची जागा, मुदत दोन वर्षं, सोबत अनुभवाच्या अपेक्षांची लांबलचक यादी. खाली त्याचा प्रश्न होता, "ताई, माझा विषय यात पूर्ण बसत नाही. अर्ज करू की सोडून देऊ?"

हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यासमोरही येणार आहे. पीएचडी झालेली असते, कायमची नोकरी लागलेली नसते आणि मधली दोन-तीन वर्षं दुसऱ्या कुणाच्या तरी लॅबमध्ये काढायची असतात. घरचे विचारतात, "अजून किती शिकणार?" तेव्हा ही वर्षं म्हणजे नुसता थांबा आहे असं आपल्यालाही वाटायला लागतं. म्हणून त्याला सरळ हो किंवा नाही म्हणण्याऐवजी मी या विषयाचा इतिहास सांगितला. तोच तुम्हालाही सांगते.

सुरुवात इटलीतल्या बोलोन्यापासून करू. जाकोमो चामिचान नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे काचेच्या चंबूंत वेगवेगळी द्रावणं भरून ती महिनोन्‌महिने उन्हात ठेवत असत. उन्हाने कोणत्या रासायनिक क्रिया घडतात, हे त्यांना बघायचं होतं. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी प्रकाशरसायनाच्या भविष्यावर भाषण दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कोळसा हा साठवलेला जुना सूर्यप्रकाश आहे आणि तो संपणार आहे. रोज फुकट पडणारं ऊन वनस्पती जसं वापरतात, तसं आपणही वापरायला शिकलं पाहिजे. दिशा बरोबर होती, पण ते करायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढचा मोठा टप्पा थेट १९६७ चा, टोकियो विद्यापीठातला. केनिची होंडा यांच्या लॅबमधला अकिरा फुजिशिमा हा तेव्हा तुमच्यासारखाच विद्यार्थी होता. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक त्याने इलेक्ट्रोड म्हणून पाण्यात बुडवला, समोर प्लॅटिनम ठेवलं आणि स्फटिकावर अतिनील प्रकाश टाकला. बुडबुडे यायला लागले! स्फटिकावर ऑक्सिजन, प्लॅटिनमवर हायड्रोजन. काय झालं असेल बघा. प्रकाशाने स्फटिकातला इलेक्ट्रॉन वर उचलला आणि मागे धन पोकळी उरली. त्या पोकळीने पाण्याकडून इलेक्ट्रॉन घेतला, म्हणून ऑक्सिजन सुटला. उचललेला इलेक्ट्रॉन तारेतून प्लॅटिनमकडे गेला आणि तिथे हायड्रोजन तयार झाला. सुरुवातीला जाणकारांना हे पटेना. १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा दोन पानी लेख आला, पुढच्याच वर्षी तेलसंकट उभं राहिलं आणि मग मात्र जगाचं लक्ष तिकडे गेलं.

अडचण एकच होती, पण मोठी होती. हे पांढरं संयुग फक्त अतिनील प्रकाश शोषतं, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के असतो. उरलेलं ऊन वाया जातं. मग दृश्य प्रकाश पकडायचा कसा?

इथे पहिला पोस्टडॉक येतो. हेल्मुट ट्रिबुच यांनी म्युनिकमध्ये गेरिशर यांच्याकडे पीएचडी करताना झिंक ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर रंगद्रव्यं बसवून बघितली होती. रंगद्रव्य प्रकाश शोषतं आणि आपला इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला देऊन टाकतं. मग ते बर्कलीला गेले, मेल्विन कॅल्विन यांच्या लॅबमध्ये. कॅल्विन यांना प्रकाशसंश्लेषणावरच्या कामासाठी १९६१ चं नोबेल मिळालेलं होतं. इलेक्ट्रोडची विद्या ट्रिबुच यांच्या हातात, हरितद्रव्याची विद्या त्या लॅबमध्ये. दोन्ही एकत्र आल्या आणि १९७१ मध्ये हरितद्रव्य लावलेल्या इलेक्ट्रोडवर त्या दोघांचा लेख आला. जाहिरातीतल्या यादीशी 'पूर्ण जुळणारा' उमेदवार घेतला असता, तर हे घडलं असतं का?

रंगद्रव्याची कल्पना चांगली होती, पण सपाट पृष्ठभागावर एकच पातळ थर बसतो आणि तो फारच थोडा प्रकाश पकडतो. यावर १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथून मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी तोडगा दिला. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर बनवला. जाडी सुमारे १० मायक्रोमीटर, पण आतला पृष्ठभाग प्रचंड. कार्यक्षमता सात टक्क्यांच्या वर गेली. तेव्हापासून लोझान हे या विषयाचं जंक्शनच झालं. जगभरचे पोस्टडॉक तिथे यायला लागले.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. होंडा यांचाच एक विद्यार्थी त्सुतोमु मियासाका. पीएचडीत त्याने हरितद्रव्याच्या इलेक्ट्रोडवर काम केलं, पुढे बरीच वर्षं उद्योगात काढली आणि मग योकोहामाच्या तोइन विद्यापीठात आला. तिथे दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या अकिहिरो कोजिमा या विद्यार्थ्याने रंगद्रव्याच्या जागी पेरोव्स्काइट वापरून बघितलं. २००९ च्या त्यांच्या लेखात कार्यक्षमता ३.८ टक्के होती. त्यातही घटातला द्रव पेरोव्स्काइटलाच विरघळवून टाकत होता, त्यामुळे घट टिकत नसे. साहजिकच फारशा लोकांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलेल्यांपैकी एक हेन्री स्नेथ. ऑक्सफर्डमध्ये स्वतःची लॅब सुरू करण्याआधी ते लोझानला ग्रेट्झेल यांच्याकडे पोस्टडॉक होते. तिथे त्यांनी काय केलं होतं? घटातल्या द्रवाच्या जागी घन पदार्थ वापरण्याचं काम. म्हणजे योकोहामाच्या घटाला जो आजार होता, त्याचं औषध यांच्या हातात होतं. मियासाकांच्या गटातला ताकुरो मुराकामीही लोझानला पोस्टडॉक होता, आणि दोन्ही गट त्या ओळखीतून जोडले गेले. स्नेथ यांचा विद्यार्थी मायकेल ली जपानला जाऊन पेरोव्स्काइटचा थर कसा बनवायचा हे शिकून आला. २०१२ मध्ये 'सायन्स'मध्ये लेख आला आणि कार्यक्षमता १०.९ टक्क्यांवर पोचली. गंमत म्हणजे त्या घटात टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र थराऐवजी अ‍ॅल्युमिना होतं, जे वीज वाहूनच नेत नाही! पेरोव्स्काइट स्वतःच इलेक्ट्रॉन वाहून नेऊ शकतं, हे त्यातून कळलं. त्याच काळात कोरियात नाम-ग्यु पार्क यांनीही ग्रेट्झेल यांच्यासोबत द्रव काढून टाकलेला घट करून दाखवला. त्यांनीही पूर्वी अमेरिकेत पोस्टडॉक करताना रंगद्रव्याच्या घटांवरच काम केलेलं होतं. आज प्रयोगशाळेतल्या पेरोव्स्काइट घटांची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर एक जवळचं उदाहरण घ्या. प्रशांत कामत यांनी १९७९ मध्ये मुंबई विद्यापीठातून पीएचडी केली. मग बोस्टन विद्यापीठ आणि ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ अशी दोन ठिकाणी पोस्टडॉकची चार वर्षं काढून १९८३ मध्ये ते अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात गेले. प्रकाश पडल्यावर अर्धवाहकांच्या सूक्ष्म कणांत काय घडतं, यावरचं त्यांचं काम आज या विषयात पायाभूत मानतात. त्यांच्याही आधी, त्याच ऑस्टिनमध्ये, अ‍ॅलन बार्ड यांच्या लॅबमध्ये फुजिशिमा पोस्टडॉक म्हणून येऊन गेले होते. नकाशावर रेघा ओढून बघा, त्याच त्या चार-पाच गावांवरून त्या पुन्हा पुन्हा जातात.

का जातात? कारण शोधनिबंधात सगळं मावत नाही. थर किती वेळ तापवायचा हे लिहिलेलं असतं. तो बिघडायला लागला की कसा दिसतो, हे मात्र शेजारी उभं राहूनच कळतं. २००९ चा लेख सगळ्यांना वाचायला मिळत होता. तरी त्यातला दोष ओळखून तो दूर करणारे थोडेच निघाले, आणि त्यांच्या हातात आधीच्या लॅबमधून आणलेलं काहीतरी होतं.

म्हणून पुढच्या वेळी जाहिरात आली की यादी बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. या लॅबला हाताने असं काय येतं, जे मला वाचून शिकता येणार नाही? माझ्याकडे असं काय आहे, जे त्यांच्याकडे नाही? आणि दोन वर्षांनी मी तिथून काय घेऊन निघेन? पगार, व्हिसा, निधी किती दिवस पुरणार हेही विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकसारखीच आली, तर ती जागा तुमच्यासाठी नाही. तिथे तुम्ही फक्त आधीचंच काम पुढे रेटाल.

ज्युनिअरने काय केलं? त्याची पीएचडी गंजरोधक लेपांवर आहे, म्हणजे पृष्ठभाग पाण्यात का आणि कसा खराब होतो यावर. त्या लॅबचे इलेक्ट्रोड पाण्यात टिकत नाहीत, हे त्यांच्याच शेवटच्या दोन लेखांत लिहिलेलं होतं. मी त्याला म्हटलं, अर्जातला पहिला परिच्छेद यावरच लिही. काल रात्री त्याने अर्ज पाठवला. उत्तर काय येईल ते येईल. माझंही शेवटचं वर्ष आहे, आणि पुढच्या महिन्यात हेच तीन प्रश्न मला स्वतःला विचारायचे आहेत.