योरिस ईव्हन्स : कॅमेरा घेऊन जग फिरलेला माणूस



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास केवळ कागदावर लिहिला गेला नाही, तो फिल्मवरही उतरला. ज्यांनी तो उतरविला, त्यांत हॉलंडचे योरिस ईव्हन्स यांचे नाव फार वरचे आहे. साठ वर्षे हा माणूस कॅमेरा घेऊन देशोदेशी हिंडला. त्याच्या आयुष्यातून आपण काय घ्यावे आणि काय घेऊ नये, याचा विचार आपल्यासमोर मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ईव्हन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९८ रोजी हॉलंडमधील नायमेखन या गावी झाला. आजोबा छायाचित्रकार, वडिलांचे छायाचित्रणाच्या सामानाचे दुकान. मुलाने धंदा सांभाळावा म्हणून वडिलांनी त्याला रॉटरडॅमला अर्थशास्त्र आणि बर्लिनला छायाचित्रणाचे तंत्र शिकविले. मुलगा शिकला खरा, पण गल्ल्यावर बसण्यात त्याचे मन रमले नाही. १९२८ साली त्याने रॉटरडॅमच्या रेल्वेपुलावर एक छोटा अनुबोधपट काढला आणि १९२९ साली अॅमस्टरडॅम शहरात पडणाऱ्या पावसावर दुसरा. पहिला थेंब, उघडणाऱ्या छत्र्या, ओले रस्ते, ट्रामच्या काचेवरून ओघळणारे पाणी, एवढाच त्याचा विषय. तरीही या काही मिनिटांच्या चित्रपटाने ईव्हन्स यांना युरोपात नाव मिळवून दिले.

सुंदर पाऊस दाखवून कीर्ती मिळवीत राहणे सोपे होते, परंतु तो काळ जागतिक मंदीचा होता. हॉलंडमध्ये समुद्र हटवून हजारो मजुरांनी नवी जमीन तयार केली होती. त्या प्रचंड कामाचे चित्रण ईव्हन्स यांनी केले. पण १९३३ च्या या चित्रपटाचा शेवट त्यांनी जयजयकाराने केला नाही. एकीकडे माणसे उपाशी आहेत आणि दुसरीकडे भाव टिकावा म्हणून धान्य नष्ट केले जात आहे, हे त्यांनी पडद्यावर दाखविले. पुढे आंरी स्टॉर्क या सहकाऱ्याबरोबर त्यांनी बेल्जियमच्या बोरिनाज भागातील कोळसा खाणकामगारांची हलाखी चित्रित केली. तेथून त्यांचा कॅमेरा जो कष्टकऱ्यांच्या वस्तीत गेला, तो कायमचाच.

१९३७ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले असता ईव्हन्स आघाडीवर होते. त्या चित्रपटाचे निवेदन प्रसिद्ध कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी लिहिले आणि स्वतःच्या आवाजात वाचले. १९३८ साली ते चीनमध्ये पोहोचले. जपानने चीनवर आक्रमण केले होते. याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला निघाले, हे आपणांस ठाऊक असेलच. एकाने औषधांची पेटी नेली, दुसऱ्याने कॅमेरा. परत निघताना ईव्हन्स यांनी आपला एक कॅमेरा चिनी चित्रपट-कार्यकर्त्यांना देऊन टाकला.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीच्या प्रसंगाकडे वळू. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, डच सरकारने ईव्हन्स यांना मोठे पद दिले. आजचा इंडोनेशिया तेव्हा डचांची वसाहत होता आणि जपानच्या ताब्यात गेला होता. तो सुटला की तेथील चित्रपटविषयक कामाचे प्रमुख म्हणून ईव्हन्स यांनी जायचे, असे ठरले. त्यासाठी ते ऑस्ट्रेलियात येऊन थांबले. मान होता, पगार होता, सरकारचा विश्वास होता. परंतु १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि डच सरकार जुनी सत्ता पुन्हा बसविण्याच्या तयारीला लागले. आता या पदावर राहणे म्हणजे गुलामगिरीची जाहिरात करणे होय, हे ईव्हन्स यांनी ओळखले. नोव्हेंबर १९४५ मध्ये त्यांनी सिडनी येथे जाहीरपणे राजीनामा दिला.

ते नुसते राजीनामा देऊन थांबले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत तेव्हा एक विलक्षण लढा चालला होता. इंडोनेशियाकडे शस्त्रे आणि सामान नेणारी डच जहाजे भरायची नाहीत, असे गोदी कामगारांनी ठरविले होते. इंडोनेशियन खलाशी जहाजांवरून उतरले. त्यांच्या जागी आणलेल्या हिंदी खलाशांनीही पुढे जहाजे चालविण्यास नकार दिला. चिनी खलाशीही त्यांना मिळाले. या लढ्यावर ईव्हन्स यांनी १९४६ साली ‘इंडोनेशिया कॉलिंग’ हा अवघ्या बावीस मिनिटांचा चित्रपट काढला. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर माणसे पाठविली आहेत. परक्या बंदरात, हाती पैसा नसताना काम सोडणे म्हणजे काय, हे त्या घरांना वेगळे सांगावयास नको. हिंदुस्थान स्वतः अद्याप पारतंत्र्यात असताना हे खलाशी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहिले आणि त्यांची स्मृती एका डच माणसाच्या चित्रपटाने राखली.

याची किंमत ईव्हन्स यांना मोजावी लागली. मायदेशाच्या सरकारचा रोष झाला, पासपोर्टच्या बाबतीत अडवणूक झाली, अनेक वर्षे त्यांना परदेशातच काढावी लागली. तरी काम थांबले नाही. १९५४ च्या एका चित्रपटात त्यांनी गंगा, नाईल, व्होल्गा, यांगत्से, मिसिसिपी आणि अॅमेझॉन या सहा नद्यांच्या काठच्या कामगारांचे जीवन एकत्र आणले. माली, क्यूबा, चिली येथे ते गेले. १९६७ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, अमेरिकन विमानांच्या बॉम्बवर्षावाखाली व्हिएतनामच्या शेतकऱ्यांबरोबर भुयारांत राहून त्यांनी चित्रण केले.

मित्रांनो, येथवर वाचून आपण त्यांना निर्दोष ठरवाल, तर तो इतिहासाचा अभ्यास होणार नाही. १९३२ साली सोव्हिएत रशियात पोलादाच्या कारखान्यावर त्यांनी चित्रपट काढला. तेथे तरुणांचा उत्साह दिसतो, परंतु सक्तीने आणून कामाला जुंपलेले शेतकरी दिसत नाहीत. १९७६ साली चीनवर त्यांनी बारा चित्रपटांची मालिका पुरी केली. तीत सांस्कृतिक क्रांतीची उजळ बाजू आहे, त्या काळात छळ झालेल्या असंख्य लोकांचे दुःख मात्र नाही. आणखी एक गोष्ट. ‘इंडोनेशिया कॉलिंग’मधील काही प्रसंग घडून गेल्यावर पुन्हा उभे करून चित्रित केलेले आहेत. म्हणजे पडद्यावर दिसते ते सारे त्याच क्षणी घडलेले असतेच, असे नाही.

एकच माणूस सिडनीत इतका स्पष्ट पाहू शकला आणि पेकिंगमध्ये त्याच्या नजरेतून इतके निसटले, हे कसे? माझ्या मते याचे उत्तर असे : सिडनीत त्याने आपल्याच सरकारला प्रश्न विचारला, पेकिंगमध्ये आपल्या मित्रांना विचारला नाही. विरोधकांना जाब विचारण्यास धैर्य लागते हे खरे, परंतु ज्यांच्यावर आपले प्रेम आहे त्यांना जाब विचारण्यास अधिक धैर्य लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही धैर्ये हवीत.

काळाने ईव्हन्स यांना न्यायही दिला. इंडोनेशियाचे सार्वभौमत्व डचांनी १९४९ साली मान्य केले. १९८५ साली डच सरकारच्या एका मंत्र्याने पॅरिसला जाऊन ईव्हन्स यांना हॉलंडचा मानाचा चित्रपट-पुरस्कार दिला आणि इंडोनेशियाच्या प्रश्नात इतिहासाने त्यांच्या बाजूने कौल दिल्याचे मान्य केले. यासाठी चाळीस वर्षे जावी लागली! आयुष्यभर दम्याने त्रस्त असलेल्या या माणसाने नव्वदीला टेकल्यावर, १९८८ साली, चीनमध्ये वाऱ्यावर शेवटचा चित्रपट पुरा केला. २८ जून १९८९ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

आज आपल्या घरोघरी मोबाईल आहे, म्हणजेच कॅमेरा आहे. दिवसभरात शेकडो चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जातात. पालकहो, मुलांच्या हातून तो काढून घेण्यापेक्षा त्यांना तीन प्रश्न विचारावयास शिकवा : हे चित्र कोणी घेतले? तो कोठे उभा होता? आणि चौकटीच्या बाहेर काय राहिले? हे प्रश्न परक्याच्या चित्राला जसे विचारायचे, तसेच आपल्या माणसाच्या चित्रालाही विचारायचे. एवढे ज्या मुलाला साधले, तो परीक्षेत कितीही गुण मिळवो, त्याला इतिहास समजला असे मी म्हणेन.